जहाज युद्धक्षेत्राकडे वळलं तर सही कशावर करायची? तारवटी (खलाशी), गोदी आणि यार्डातल्या कामगारांसाठी धागा

मांडवीकाठ

आधी एक हिशेब मांडतो, मग मुद्द्यावर येतो.

पाच कोटी डॉलर किमतीचं जहाज लाल समुद्रातून न्यायचं असेल तर मालक नेहमीच्या विम्यावर युद्धजोखमीचा जादा हप्ता भरतो. हा हप्ता जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत आणि साधारण सात दिवसांसाठी ठरतो. २०२४ च्या सुरुवातीला हा दर पाऊण ते एक टक्क्याच्या घरात गेला होता. पाऊण टक्का धरला तरी एका फेरीचे पावणेचार लाख डॉलर होतात.

आता त्याच जहाजावरचा एबी, म्हणजे डेकवरचा कुशल खलाशी, घ्या. आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने) २०२५ साठी ठरवलेलं त्याचं किमान मूळ वेतन महिन्याला ६७३ डॉलर, म्हणजे दिवसाला साडेबावीसच्या आत. युद्धक्षेत्राचा भत्ता मूळ वेतनाएवढा आणि किमान पाच दिवसांचा, म्हणजे सुमारे ११२ डॉलर. बावीस जणांना हाच दर लावला तर सगळ्यांचे मिळून अडीच हजारही भरत नाहीत. अधिकाऱ्यांचा पगार जास्त असतो म्हणून तिप्पट करा, तरी साडेसात हजार. आणि हा भत्ता ज्याच्या करारात लिहिला आहे त्यालाच मिळतो. बाकीच्यांना शून्य.

लोखंडाची किंमत जहाज बंदर सोडायच्या आधी ठरलेली असते. माणसाची किंमत करारात काय लिहिलं आहे त्यावर ठरते, आणि तो करार आपली पोरं एजंटच्या कार्यालयात दहा मिनिटांत सही करून मोकळी होतात.

युद्धाला कामगाराने विरोध का करायचा, यावर भाषणं पुष्कळ झाली. युद्ध ठरवतात ते वेगळे, त्यावर कमावतात ते वेगळे आणि त्यात मरतात ते वेगळे, हे कुणाला नव्याने सांगायला नको. ६ मार्च २०२४ ला एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर येमेनच्या हूथींचं क्षेपणास्त्र पडलं. मेलेले तिघे खलाशी होते, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. गाझातल्या ज्या युद्धावरून हे चाललं होतं त्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. १९ नोव्हेंबर २०२३ ला पकडलेल्या ‘गॅलेक्सी लीडर’चे पंचवीस खलाशी जानेवारी २०२५ मध्ये सुटले, चौदा महिन्यांनी. १३ एप्रिल २०२४ ला होर्मुझजवळ इराणने ताब्यात घेतलेल्या ‘एमएससी एरीज’वर पंचवीसपैकी सतरा भारतीय होते, आणि झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, पोर्तुगालची होती.

म्हणून हा धागा कामाच्या गोष्टीसाठी काढला आहे: नकार द्यायचा तर कसा द्यायचा? ज्यांना जहाजावरचे करार, गोदीतली कागदपत्रं, कामगार कायदे माहीत आहेत त्यांनी नेमकं लिहा. घोषणा नकोत.

सुरुवात मी करतो.

सागरी कामगार करार, २००६, म्हणजे एमएलसी. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. युद्धक्षेत्राकडे निघालेल्या जहाजावर जायला खलाशाची संमती नसेल तर त्याला घरी पाठवावं, असं त्यात म्हटलं आहे. पण नीट वाचा: हे वाक्य बंधनकारक भागात नाही, मार्गदर्शक भागात आहे. ‘युद्धक्षेत्र’ कशाला म्हणायचं तेही देशाच्या कायद्यावर किंवा तुमच्या करारावर सोडलं आहे. करारात व्याख्या नसेल तर एमएलसीचं पान कॅप्टनला दाखवून फार काही होत नाही.

खरा दात आहे तो सामूहिक करारात. आयटीएफ (वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि जहाजमालकांच्या संघटना मिळून जो आयबीएफ करार करतात, त्यात युद्धसदृश क्षेत्रासाठी चार गोष्टी आहेत: मूळ वेतनाएवढा भत्ता, किमान पाच दिवसांचा, मृत्यू व अपंगत्वाची भरपाई दुप्पट, जायला नकार देण्याचा हक्क, आणि नकार दिल्यास कंपनीच्या खर्चाने घरी परत, वर दोन महिन्यांचं मूळ वेतन. आपलं जहाज या करारात आहे का हे बोटीवर चढण्याआधी पाहता येतं. जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक एजंटकडून मागा आणि आयटीएफच्या संकेतस्थळावर टाका. क्रमांक द्यायला एजंट टाळाटाळ करत असेल तर तिथेच सावध व्हा.

---

खारीवारा

मांडवीकाठ बाब, चांगला धागा. नकाराची रीत मी लिहितो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

पहिली चूक म्हणजे तोंडी नकार. ब्रिजवर जाऊन ‘कॅप्टन, मी येत नाही’ म्हटलं की त्याची नोंद ‘आज्ञा मोडली’ अशी होऊ शकते, आणि मग प्रश्न युद्धाचा उरत नाही, शिस्तीचा होतो. नकार लेखी द्यायचा आणि जहाज त्या क्षेत्रात शिरण्याआधीच्या बंदरातच द्यायचा. सुएझमधून दक्षिणेला उतरल्यावर दिलेल्या पत्राचा उपयोग नाही, तिथे तुम्हाला उतरवणार कुठे?

पत्रात चारच वाक्यं असावीत. माझ्या कराराच्या अमुक कलमानुसार अमुक भाग युद्धसदृश क्षेत्र आहे. तिथे जाण्यास माझी संमती नाही. त्याआधीच्या सोयीच्या बंदरात मला उतरवून कंपनीच्या खर्चाने घरी पाठवावे. तोपर्यंत माझी नेमून दिलेली सर्व कामे मी करत राहीन.

हे चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच लोक विसरतात. त्यामुळे तुमचा नकार एका प्रवासापुरता राहतो, कामबंद होत नाही. वॉच (पाळीचा पहारा) चुकवू नका, गँगवे (जहाजाच्या शिडीवरची ड्युटी) चुकवू नका. पत्र इंग्रजीत, दोन प्रतींत. खाली तारीख, वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), जहाजाचं स्थान. एका प्रतीवर कॅप्टनची पोच घ्या. तो सही करत नसेल तर पत्राचा फोटो काढून कंपनीच्या डीपीएला, म्हणजे किनाऱ्यावरच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, आणि युनियनला त्याच दिवशी मेल करा. डीपीएचा फोन आणि मेल जहाजावर लावलेला असतोच.

अनेक जण मिळून नकार देत असतील तर एकाच कागदावर दहा सह्या करू नका. दहा कागद, प्रत्येकी एक सही. मजकूर तोच. एकाच कागदावरची पहिली सही ‘पुढारी’ ठरते आणि दडपण त्याच्यावर येतं.

दुसरी चूक बोट धरण्याआधीच झालेली असते. साइन ऑनच्या, म्हणजे बोटीवर रुजू होण्याच्या, वेळी कागदांचा गठ्ठा पुढे येतो. त्यात कधी कधी ‘कंपनी नेईल त्या सर्व क्षेत्रांत जाण्यास माझी संमती आहे’ असा एक पानी कागद असतो. तो मूळ कराराचा भाग नसतो. त्यावर सही करायची नाही. करावीच लागली तर खाली आपल्या हाताने लिहा, ‘लागू सामूहिक करारातील हक्क राखून’. तेवढ्या शब्दांनी कागदाचं वजन बदलतं.

तिसरी गोष्ट पगाराची चिठ्ठी. काही ठिकाणी ‘एकत्रित वेतन’ म्हणून एकच आकडा देतात आणि मग सांगतात की युद्धभत्ता त्यातच धरला आहे. मूळ वेतन, ठरलेला ओव्हरटाइम, रजेचा पगार हे रकाने वेगळे नसतील तर भत्ता कशाच्या प्रमाणात काढणार? रकाने वेगळे मागा.

---

हिशेबनीस

एक दुरुस्ती-वजा-भर. नकाशे दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक लंडनच्या विमा बाजारातल्या समितीचा. त्यावरून मालकाचा हप्ता ठरतो. दुसरा आयबीएफचा, ज्यावरून तुमचा भत्ता आणि नकार ठरतो. विमेवाल्यांचा नकाशा मोठा असतो आणि पटकन बदलतो. आयबीएफचा लहान असतो आणि वाटाघाटीनंतर बदलतो. त्यामुळे मालक जादा हप्ता भरतो आहे पण खलाशाला हक्क मिळालेला नाही, अशी पट्टी दोन नकाशांच्या मध्ये राहते. करारात ‘विमा समितीने किंवा आयबीएफने घोषित केलेले कोणतेही क्षेत्र’ असा ‘किंवा’ असेल तर ती पट्टीही झाकली जाते. युनियनच्या पुढच्या वाटाघाटीत आपल्याकडच्या लोकांनी हा एक शब्द धरून बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कैदेतल्या पगाराबद्दलही लिहितो. एमएलसीच्या २०१८ च्या दुरुस्तीने, जी २६ डिसेंबर २०२० पासून लागू झाली, खलाशी चाचेगिरीत किंवा जहाजावरच्या सशस्त्र दरोड्यात ओलीस असेपर्यंत त्याचा पगार चालू ठेवणं सक्तीचं केलं. पण एखाद्या देशाच्या नौदलाने जहाज जप्त केलं तर ती चाचेगिरी म्हणायची का? तिथे मालकाला वाद घालायला जागा उरते. करारात ‘कोणत्याही कारणाने, कोणाकडूनही अटकाव झाल्यास’ असे शब्द हवेत.

आणि जहाज सोडून मालक पळाला तर: दोन महिने पगार नाही, किंवा अन्नपाणी-इंधन नाही, किंवा घरी पाठवत नाही, यातलं एक झालं तरी कायद्याने ते ‘वाऱ्यावर सोडलेलं’ जहाज ठरतं. २०१७ पासून अशा वेळेसाठी चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरवापसी यांचा विमा सक्तीचा आहे. त्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं, बहुधा मेसरूमजवळ. चढलात की पहिल्या दिवशी त्याचा फोटो काढा आणि मुदत बघा. चार महिन्यांच्या पुढचा पगार विमा देत नाही, म्हणून सहा-सहा महिने ‘उद्या येईल’ म्हणून थांबणं सगळ्यात महाग पडतं.

---

कुशावती

सगळं वाचलं. मन लावून लिहिलंय, पण एक शंका मोकळेपणी मांडते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला, आणि तो सैन्यामुळे झाला. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले तेव्हा पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं मेली. मग गोव्यातल्या माणसाने ‘युद्धाला विरोध’ असं सरसकट कसं म्हणायचं? मुरगावात गोदी आहे, वास्कोला संरक्षण खात्याचं यार्ड आहे, दाबोळीला नौदलाचा तळ आहे. हजारो घरांची चूल त्यावर पेटते. त्यांना काय सांगणार?

---

मांडवीकाठ

कुशावतीताई, शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

१९६१ नाकारायचं कारणच नाही. वसाहत मोडणं आणि वसाहत टिकवणं या दोन बाजू सारख्या नाहीत. पण त्याच डिसेंबरात पलीकडच्या बाजूला काय घडलं तेही बघा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा लिस्बनहून हुकूम होता की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. लिस्बनमध्ये बसून असा हुकूम द्यायला काही लागत नाही. गोव्यात साडेतीन हजारांच्या आसपास पोर्तुगीज शिपाई होते, बरेचसे तिकडच्या गरीब घरांतले. गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्व्हा यांनी तो हुकूम शब्दशः पाळला नाही, शरणागती दिली. त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं, आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच परत घेतलं. हुकूम पाळला असता तर पणजी-वास्कोत किती माणसं मेली असती याचा विचार करा, आणि त्यात आपली किती.

त्याच राजवटीने अंगोला, गिनी, मोझांबिक इथे तेरा वर्षं युद्ध चालवलं. ते कुणाच्या विजयाने थांबलं नाही. २५ एप्रिल १९७४ ला त्यांच्याच सैन्यातल्या कॅप्टन-मेजरांनी सरकार उलथवलं तेव्हा थांबलं.

चुलीचा प्रश्न. यार्डात काम करू नका असं कुणी म्हणत नाही. जहाज बांधणारा वेल्डर युद्ध ठरवत नाही. पण युद्धाच्या नावाखाली त्याचा पगार, त्याची सुरक्षा, त्याचा संपाचा हक्क कापला जातो तेव्हा त्याने गप्प बसावं, हेही मला मान्य नाही. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांचं कंपन्यांत रूपांतर करताना संपावर बंदी घालणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आणला होता. संप करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. त्याची मुदत वर्षाचीच होती, पण वाट कशी पडते ते दिसलं. शिपायाचंही तेच. अग्निपथमध्ये चार वर्षं, मग चारांतला एकच कायम. बाकी तिघांना निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कंत्राटी पद्धत गोदीतून बराकीपर्यंत गेली. शिपाई आणि खलाशी यांच्यात भांडण लावायचं कारण मला तरी दिसत नाही.

---

झुवारीचो वारो

यार्डावरून आठवलं, कारण हे कुणी लिहीत नाही.

ऑर्डरची तारीख जवळ आली की पहिली काट सुरक्षेवर बसते. टाकीत किंवा डबल बॉटममध्ये (जहाजाच्या दुहेरी तळातल्या पोकळीत) उतरण्याआधी हवा तपासायची असते. ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास हवा, आणि ज्वलनशील वायू त्याच्या पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या एक टक्क्याच्या आत. तपासणी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी, कारण जड वायू तळाला बसतात. नुसतं मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून परमिट भरलं तर ते खोटं परमिट आहे. गंजलेल्या बंद टाकीत ऑक्सिजन आपोआप कमी होतो, गंज तो खातो. वास येत नाही, चक्कर येण्याआधी माणूस पडतो. आणि त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो, तोही पडतो. बंद जागेतले पुष्कळ मृत्यू असे दुसऱ्या माणसाचे असतात.

म्हणून परमिटवर वेळ आणि तिन्ही आकडे लिहिलेले नसतील तर उतरायचं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासणी. तोंडाशी एक माणूस कायम उभा. तो माणूस ‘वाचवण्यासाठी’ म्हणून कमी केला जातो, तिथेच भांडा.

कंत्राटी मुलांनी, मग ती ओडिशाची असोत, बिहारची वा कारवारची, भविष्य निधीचा यूएएन क्रमांक स्वतः उघडून बघावा. चिठ्ठीत कापलेले पैसे खात्यात जमा झालेले नसले तर कंत्राटदारासोबत मुख्य मालकही जबाबदार असतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने, ‘देशाचं काम आहे’ म्हणून एकपट नाही.

---

आबोली

गोदीबद्दल. जगात गोदी कामगारांनी शस्त्रं चढवायला नकार दिल्याची उदाहरणं बरीच आहेत. ती नुसती अभिमानाने सांगण्यापेक्षा कुठे जमलं, कुठे नाही आणि का, हे बघितलं पाहिजे.

१० मे १९२०, लंडन. ‘जॉली जॉर्ज’ जहाजावर पोलंडकडे रशियाविरुद्ध जाणारी शस्त्रं होती. गोदी कामगारांनी ती चढवायची नाकारली आणि कोळसा भरणाऱ्यांनी कोळसा द्यायचा नाकारला. जमलं ते या दुसऱ्या नकारामुळे. एका टोळीचा नकार दुसरी टोळी आणून मोडता येतो. कोळसा नाही तर जहाजच हलत नाही.

नोव्हेंबर १९३८, ऑस्ट्रेलियातलं पोर्ट केम्ब्ला. ‘डालफ्राम’ जहाजात जपानला जाणारं कच्चं लोखंड (पिग आयर्न) भरायला कामगारांनी नकार दिला. चीनवर जपानचा हल्ला चालू होता, ते लोखंड बॉम्ब होऊन चिनी लोकांवर पडणार, आणि उद्या आपल्यावर, असं त्यांचं म्हणणं. दहा आठवडे टिकले. सरकारने परवाना सक्तीचा करणारा कायदा लावला, पोलाद कंपनीने कारखाना बंद करून हजारो कामगारांना घरी बसवलं. शेवटी जानेवारी १९३९ मध्ये माल चढवावा लागला. तिथे उणीव पडली ती शिध्याची. कारखान्यातल्या उपाशी कामगाराला गोदीतल्या कामगाराविरुद्ध उभं करता येतं. लोहखनिजाच्या बंदरात राहणाऱ्या आपण हे विसरू नये.

मे २०१९, जेनोआ. ‘बाहरी यांबू’ जहाजात सौदी अरेबियाला जाणारे जनरेटर होते. कागदावर साधा माल, उपयोग लष्करी. कामगारांनी ते ओळखलं, म्हणून ते जनरेटर चढले नाहीत.

ओळखणं हेच कठीण काम आहे. स्फोटकं असतील तर सोपं: आयएमडीजीचा (धोकादायक सागरी मालाच्या नियमावलीचा) वर्ग १, नारिंगी चौकोन, त्यावर १.१ ते १.६ यातला उपवर्ग. शस्त्रं आणि दारूगोळा सीमाशुल्काच्या ९३ व्या प्रकरणात येतात, म्हणजे शिपिंग बिलावरचा कोड ९३ ने सुरू होतो. पण सुटे भाग, इंजिनं, इलेक्ट्रॉनिक्स, पोलाद हे ८४, ८५, ७२ अशा साध्या प्रकरणांत बसतात आणि साध्या कंटेनरात जातात. ते क्रेनवाल्याला कळत नाही. कळतं ते टॅली क्लार्कला (माल मोजून नोंदणाऱ्याला), सीएचएच्या (सीमाशुल्क दलालाच्या) माणसाला, मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) टाइप करणाऱ्या मुलीला. म्हणून नकार द्यायचा विचार ज्या संघटनेला करायचा आहे तिने कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना आधी सोबत घेतलं पाहिजे.

आपल्याकडे १४ फेब्रुवारी २०२४ ला जलवाहतूक कामगारांच्या महासंघाने जाहीर केलं की इस्रायलसाठीची शस्त्रं आम्ही चढवणार-उतरवणार नाही. अकरा मोठ्या बंदरांतले साडेतीन हजारांच्या आसपास कामगार त्यांचे सभासद. निर्णय योग्य होता. पण खाजगी टर्मिनलवर आणि कंत्राटी गँगमध्ये सभासद नसतील तर तो तिथे पोचतच नाही. खरं काम तिथे आहे.

---

हिशेबनीस

+१ आबोली. कायद्याचं गणितही मांडायला हवं, नाहीतर उत्साहात कुणाची तरी नोकरी जाईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. संपाआधी नोटीस द्यायची आणि दिल्यापासून चौदा दिवस जाऊ द्यायचे. त्या नोटिशीवर साठ दिवसांच्या आत संप झाला पाहिजे. समेटाची बोलणी सुरू झाली की ती संपेपर्यंत आणि पुढे सात दिवस संप बेकायदा. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. ‘आपण संप नाही करत, सगळे रजा टाकूया’ ही जुनी युक्ती आता चालत नाही. बेकायदा संपाला हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

जहाज मात्र चौदा दिवस थांबत नाही. शिवाय ‘हा माल युद्धाचा आहे’ एवढ्यावर दिलेला नकार औद्योगिक विवाद ठरेलच असं नाही. त्यामुळे एकट्याने अंगावर घेऊ नये. सुरक्षेचा रस्ता त्यातल्या त्यात भक्कम आहे: जीवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार मालकाला आणि निरीक्षकाला एकाच वेळी कळवू शकतो. स्फोटकांचा माल असेल तर वर्ग, वजन, वेगळं ठेवण्याची सोय, अग्निशामक व्यवस्था, सगळं लेखी मागा. उत्तर येईपर्यंत काम थांबवण्याचा हक्क कायद्यात स्पष्ट शब्दांत नाही, म्हणून ही मागणी आधीच सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात ठरावाने घालून ठेवा.

कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत, आता पन्नासपासून. एकाच गोदीत एकोणपन्नास-एकोणपन्नासचे चार कंत्राटदार दिसले तर कारण समजून घ्या.

---

खारीवारा

इतिहासाची एक बाजू राहिली, ती आपल्या जवळची आहे.

२ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईतल्या नव्वद हजारांच्या आसपास कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. महायुद्ध सुरू होऊन महिनाच झाला होता. पुढच्या मार्चमध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला तो महागाई भत्त्यासाठी, कारण युद्धाने धान्य, कापड, घासलेट महाग केलं होतं. आज सरकारी नोकरापासून बँकेपर्यंत ज्याला आपण डीए म्हणतो त्याची मुळं युद्धकाळातल्या या भांडणात आहेत. आधीच्या महायुद्धातही तसंच. १९१७ मध्ये गिरण्यांनी दहा टक्के युद्ध-भत्ता दिला, पुढे वाढवला. आणि युद्धानंतरची तेजी ओसरल्यावर दरवर्षी दिला जाणारा बोनस बंद केला, तेव्हा १९२४ चा संप झाला. तेजी होती तेव्हा कुणाची, आणि मंदी आली ती कुणाच्या पानात, हे एवढ्यावरून कळतं.

खलाशांनीही तेच केलं. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांनी लंडनसह अनेक बंदरांत काम नाकारलं. त्यांचा पगार युरोपीय खलाशाच्या चौथाईच्या आसपास होता, टॉर्पेडो मात्र दोघांना एकच. शेकडो जण तुरुंगात गेले, पण वर्ष सरता सरता वाढ मिळाली. त्या युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी मेले. त्यांत गोंयकार तारवटी होते.

हे नकार उपाशी पोटी टिकत नाहीत. आपल्या लोकांच्या मुंबईतल्या कुडी, म्हणजे गावोगावच्या लोकांनी चालवलेली वसतिगृहं, आठवा, धोबीतलावापासून डाबूलपर्यंत. गावाच्या नावाने खोली, नाममात्र भाड्यात झोपायला जागा, ट्रंक ठेवायला कोपरा. बोट नसलेल्या महिन्यांत तिथे राहता येई, म्हणून मिळेल ती बोट पकडायची घाई कमी होई. आज तसा आधार कुठला? गावच्या क्लबांनी, चर्चच्या आणि देवळाच्या समित्यांनी ‘नकार देऊन परतलेल्यासाठी तीन महिन्यांचा हप्ता’ एवढा एक निधी ठेवला तरी पोरांना बळ येईल. गृहकर्जाचा हप्ताच माणसाला एडनला नेतो.

---

शापोरा

एक प्रश्न. बोटीवर नाही, जमिनीवरची नोकरी. रशियात ‘हेल्पर’, इस्रायलमध्ये बांधकाम, आखातात सुरक्षा रक्षक अशा जाहिराती मोबाइलवर येतात. पगार दोन लाख वगैरे. काय तपासायचं?

---

मांडवीकाठ

शापोरा, हे तातडीचं आहे म्हणून लगेच लिहितो.

रशियात ‘लष्करी मदतनीस’ म्हणून गेलेल्या अनेक भारतीयांच्या हातात थेट बंदूक दिली गेली, काही आघाडीवर मेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांवर गुन्हा नोंदवला. फसले ते एका गोष्टीने: करार रशियन भाषेत होता आणि सही मॉस्कोला पोचल्यावर घेतली. नियम साधा ठेवा. सही भारतात, वाचता येणाऱ्या भाषेत, आणि काम देणाऱ्याचं नाव एखाद्या सैन्याचं वा संरक्षण खात्याचं असेल तर सहीच नाही.

इस्रायलसाठी बांधकाम कामगार नेण्याची भरती जानेवारी २०२४ मध्ये हरियाणा, उत्तर प्रदेशात झाली. पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने बंद केल्यावर ती जागा भरायला ही माणसं हवी होती. देशातल्या केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच विरोध केला होता, आणि तो मला पटतो. एका उपाशी कामगाराला काढून तिथे दुसरा उपाशी कामगार बसवायचा, आणि दोघांच्याही डोक्यावर बॉम्ब.

आखातासाठी: एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर शोधा. परवानाधारक एजंट तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि पावती देतो. दहावी न झालेल्यांनी प्रवासी भारतीय विमा काढल्याशिवाय निघू नये. दहा लाखांचं संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. बोटीवरच्या भरतीत तर एजंटने नोकरी लावायचे पैसे घेणंच एमएलसीत मना आहे. खलाशाने खर्च करायचा तो वैद्यकीय तपासणी, सीडीसी (खलाशाची सेवापुस्तिका) आणि पासपोर्ट एवढ्यावर. व्हिसाचे पैसेसुद्धा मालकाचे. एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या यादीत बघा, आणि त्याची मुदतही.

---

कुशावती

माझ्या शंकेला नीट उत्तर मिळालं, आभार. आखाताचं निघालं म्हणून एक भर घालते. २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला. १ लाख ७० हजारांच्या वर भारतीयांना परत आणलं, एअर इंडियाची ४८८ उड्डाणं. त्यात गोव्याची कितीतरी कुटुंबं होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या पैशातून भरपाई दिली. देश सोडावा लागल्याची ठरावीक रक्कम, माणशी अडीच ते चार हजार डॉलर, साध्या पुराव्यावर मिळाली. पण बुडालेला पगार, घरातलं सामान, बँकेतली शिल्लक यासाठी कागद लागले, आणि कागद कुवेतमध्येच राहिले होते.

---

हिशेबनीस

कुशावती, नेमकं. म्हणून परदेशी जाणाऱ्याने निघण्याआधी एका पाकिटात हे घरी ठेवावं: पासपोर्ट आणि व्हिसाची पानं, कराराची प्रत सगळ्या पानांसह, सामूहिक करार असेल तर त्याची प्रत, एजंटचा परवाना क्रमांक आणि पावत्या, सीडीसी, विम्याचं प्रमाणपत्र, वारसाचं नाव लिहिलेला कागद. दर महिन्याची पगाराची चिठ्ठी आणि बँकेत जमा झाल्याचा संदेश घरच्यांकडे पाठवत राहायचा. बोटीवर असाल तर विश्रांतीच्या तासांचा तक्ताही: चोवीस तासांत किमान दहा, आठवड्यात सत्त्याहत्तर. सही करण्याआधी फोटो काढा, कारण नंतर आकडे बदललेले असतात.

हे सगळं फोनमध्येच ठेवू नका. जहाज ताब्यात घेतलं गेलं की सगळ्यात आधी फोन जातात. घरी एक कागदी प्रत, युनियनकडे एक, आणि गावात ज्याला इंग्रजी मेल लिहिता येतो अशा एका माणसाकडे जहाजाचा आयएमओ क्रमांक, कंपनीच्या डीपीएचा मेल आणि युनियनचा मेल. नकाराचं पत्र कोरं टाइप करून आत्ताच ठेवा, फक्त कलम, तारीख, वेळ आणि जहाजाचं स्थान भरायचं राहू द्या. खारीवारा, तुमचा चार वाक्यांचा मजकूर इंग्रजीत करून इथेच टाकाल का?

---

खारीवारा

आज रात्री टाकतो. दोन मसुदे करतो: एक सामूहिक करार असलेल्या जहाजासाठी, एक नसलेल्यासाठी. दुसऱ्यात आधार एमएलसीच्या मार्गदर्शक तत्त्वाचा आणि झेंड्याच्या देशाच्या कायद्याचा घ्यावा लागेल, त्यामुळे झेंडा कोणता ते भरायला जागा ठेवतो. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटं यांचे जहाज नोंदणीचे पत्ते ज्यांच्याकडे असतील त्यांनी इथे टाका.